एक सेमिस्टर जर्मनीत, फक्त भाषेसाठी... जाऊ का?

सूरसागरकाठी

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी बडोद्याची, दांडिया बाजारात घर आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जर्मन शिकतेय. मागच्या महिन्यात बी१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा, पास झाले, मार्क चांगले आले, पण खरं सांगायचं तर बोलता येत नाही. म्हणजे व्याकरण येतं, पत्र लिहिता येतं, कोणी समोर येऊन भराभर बोलायला लागलं की मात्र डोक्यात आधी इंग्लिश वाक्य तयार होतं आणि मग मी त्याचं जर्मन करत बसते, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो.

आमच्या मॅडम म्हणतात एक सेमिस्टर तिकडे जाऊन ये. लाइपझिगला एका सेमिस्टरपुरतं बाहेरचा विद्यार्थी म्हणून शिकता येईल असं दिसतंय, ऑक्टोबरपासूनचं विंटर सेमिस्टर. डिग्री तिकडची नाही, डिग्री इथलीच. घरात मात्र दोन तट पडलेत. बाबा म्हणतात जा. काकांचं म्हणणं की सहा महिन्यांत काय होतं, आणि हल्ली ऑनलाइन सगळं शिकता येतं, एवढे पैसे कशाला. आई काही बोलत नाही, ती फक्त विचारते की नोव्हेंबरच्या परीक्षेचं काय करणार. आणि आजी आहे, ऐंशीला आली, तिला वाटतं मी नवरात्रात आणि दिवाळीत घरी नसणार म्हणजे कायमचीच चालले.

मला जे जाऊन आलेत त्यांच्याकडून ऐकायचंय. एका सेमिस्टरमध्ये खरंच काय पदरात पडतं? आणि पैशांचा अंदाजही द्या प्लीज.

अलकापुरीची_आई

बेटा, मी जरा वेगळी बाजू लिहिते, वाईट वाटून घेऊ नकोस.

माझा मुलगा गेला होता. शहराचं नाव लिहीत नाही, त्या शहराचा दोष नव्हताच. हॉस्टेलमध्ये त्याच्या मजल्यावर सात मुलं आपलीच होती, कोणी हैदराबादचं, कोणी पुण्याचं, एक तर आपल्या सुरतचा. पहिल्या आठवड्यात मला इतकं बरं वाटलं की चला एकटा नाही. सगळे मिळून स्वयंपाक करायचे, रविवारी मिळून फिरायला जायचे, आजारी पडला तर एकमेकांना खिचडी करून द्यायचे. कोर्सचे अर्धे विषय इंग्लिशमध्ये होते ते त्याने घेतले कारण मार्क सोपे. दुकानात गेला की तो एक वाक्य जर्मनमध्ये बोलायचा आणि समोरचा कौतुकाने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा त्याचं हिंदी फार सुधारलेलं होतं. जर्मन जिथे होतं तिथेच. तो स्वतः मला म्हणाला, आई मी जर्मनीत गेलो पण जर्मनमध्ये गेलोच नाही. त्याच्या डोळ्यात पाणी होतं हे सांगताना, कारण त्याला खरंच शिकायचं होतं.

म्हणून जायचं की नाही याच्या आधी राहणार कुठे आणि कोणाबरोबर ते ठरव.

हाल्बद्राय

काकूंनी लिहिलंय ते अगदी खरं आहे आणि फार कमी लोक बोलून दाखवतात. काकू, तुमच्या मुलाला सांगा, तो एकटा नाही, मी वर्गात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं बघते.

मी मूळची रावपुऱ्यातली, आता जर्मन शिकवते. २०१२ च्या विंटर सेमिस्टरला कलोनला होते, म्हणजे जर्मन नाव क्योल्न. माझं नशीब असं की मला हॉस्टेलच मिळालं नाही. तिकडे काही शहरांत एक योजना असते, 'वोनन फ्यूर हिल्फं', म्हणजे मदतीच्या बदल्यात राहायला जागा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात विद्यार्थ्याला खोली देतात, भाड्याऐवजी काम करायचं, ढोबळ हिशोब असा की खोलीच्या एका चौरस मीटरमागे महिन्याला एक तास. माझी खोली चौदा मीटरची, म्हणजे महिन्याला चौदा तास. बाजार आणायचा, खिडक्या पुसायच्या, डॉक्टरकडे सोबत जायचं, वीज-पाण्याचे पैसे वेगळे द्यायचे. आजींचं वय ब्याऐंशी, इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता. पहिले तीन आठवडे मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडले हे लिहायला मला आज काही वाटत नाही. चौथ्या आठवड्यात एकदा नाश्त्याला त्या काहीतरी सांगत होत्या, त्यांच्या लहानपणीचं, युद्धानंतरच्या ढिगाऱ्यांतलं, आणि मी ऐकता ऐकता एकदम लक्षात आलं की मी भाषांतर करत नाहीये. नुसती ऐकतेय. तो क्षण मला आजही आठवतो, समोर लोणी लावलेला ब्रेड होता आणि बाहेर अंधार होता.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. तू लिहिलंस की डोक्यात आधी इंग्लिश वाक्य तयार होतं. अगं मग इंग्लिश कशाला मध्ये आणतेस? तू मराठी आहेस, बडोद्याची आहेस म्हणजे गुजरातीही येतं. आपल्याला तो, ती, ते तिन्ही लिंगं आहेत, गुजरातीतही तीन आहेत, इंग्लिशवाल्याला टेबलाला लिंग असतं हेच पचायला महिना लागतो. लिंगं जुळत नाहीत हे खरं, आपला सूर्य तो आणि त्यांची झोनं ती, पण कल्पनाच परकी नाही. 'मेड्शन' म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी कशी असं सगळे विचारतात, मी सांगते आपण नाही का म्हणत ते पोर, ते लेकरू. विभक्ती आपल्याकडे आहेत. आकडे बघ, इंग्लिशमध्ये वीस आणि एक, जर्मनमध्ये 'आइन उंट त्स्वान्सिश' म्हणजे एक आणि वीस, आणि आपण? एकवीस. आधी एक मग वीस. चोवीस, पंचवीस, सगळं त्यांच्याच क्रमाने.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 'मला'. मला आवडतं, मला थंडी वाजते, मला कंटाळा आला. इंग्लिशमध्ये सगळीकडे 'मी' लागतो. मी कलोनच्या आजींना पहिल्या थंडीत म्हणाले 'इश बिन काल्ट', कारण डोक्यात इंग्लिश होतं. त्याचा अर्थ होतो मी थंड स्वभावाची आहे, कोरडी आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणायचं असतं 'मिअर इस्ट काल्ट'. मिअर म्हणजे मला. मराठीतून गेले असते तर चुकलेच नसते. 'दास गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. चतुर्थी आहे सरळ.

घड्याळाचं तर मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, माझं नावही त्यावरूनच घेतलंय. 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच वाजले. शब्दशः अर्धा तीन. इंग्लिशवाले हमखास साडेतीन समजतात आणि तासभर उशिरा पोचतात. आता आपला अडीच शब्द कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा! दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. दीड म्हणजे द्व्यर्ध, दुसरा अर्धा, आणि जर्मनमध्ये दीडला म्हणतात 'आंडरट्हाल्ब', त्यातल्या आंडरचा जुना अर्थ दुसरा. मला हे कळलं तेव्हा मी कलोनच्या लायब्ररीत एकटीच हसले होते.

जा गं. पण जायच्या आधी इंग्लिशचा पूल काढून टाक.

सूरसागरकाठी

ताई मला हे कोणीच सांगितलं नव्हतं!! मिअर इस्ट काल्ट मी तीनशे वेळा लिहिलंय पण मला थंडी वाजते असं कधी डोक्यात आलंच नाही, मी ते सूत्रासारखं पाठ केलं होतं. आज कॉलेजला जाताना लकडी पुलापर्यंत सगळी वाक्यं मराठीतून करत गेले.

ग्वाल्हेरकर_लष्कर

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जर्मन शिकायची इच्छा असलेली भाची आहे, तिला वाचायला देतो.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टला नोकरी करतो, शिक्षण बडोद्यातच झालं, पॉलिटेक्निकच्या मागच्या रस्त्यावरची सेव उसळ अजून स्वप्नात येते. पैशांचं मी लिहितो कारण ते मी नुकतंच पुतणीसाठी केलंय.

विद्यार्थी व्हिसाला ब्लॉक्ड अकाउंट लागतं. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो असा हिशोब आहे, वर्षाचे ११,९०४. तू सहा महिन्यांसाठी जाणार तर सहाच महिन्यांचे दाखवायचे, म्हणजे ५,९५२ युरो. युरो शंभरच्या आसपास धरला तर सहा लाख होतात. हे पैसे कुठे जात नाहीत, तुझेच असतात, तिकडे गेल्यावर दर महिन्याला ९९२ प्रमाणे तुझ्या हातात येतात आणि त्यातच खोली, जेवण, विमा भागवायचा. व्हिसाची फी ७५ युरो वेगळी, विमानाचं तिकीट वेगळं. सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्याला महिन्याला १४० युरोच्या पुढेमागे पडतो, तो वाचवायच्या नादात स्वस्तातला प्रवासी विमा काढून जाऊ नकोस, युनिव्हर्सिटीत नाव नोंदवतानाच अडकतं.

दुसरं, राज्य बघून अर्ज कर. माझ्या राज्यात, बाडन-व्युर्टेम्बर्गमध्ये, २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. हायडेलबर्ग, ट्युबिंगन, फ्रायबुर्ग सगळी यात आली. दोन युनिव्हर्सिट्यांच्या करारातून गेलेल्यांना ती माफ असते, स्वतःहून गेलेल्यांना भरावी लागते. लाइपझिग झाक्सनमध्ये येतं, तिथे तुला फक्त सेमिस्टरची वर्गणी द्यावी लागेल, त्यामुळे तुझी निवड पैशांच्या दृष्टीने बरोबर आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे इथली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागायला लागलं. एक्सचेंजमधून एका सेमिस्टरला जाणाऱ्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा तू नक्की कुठल्या खात्यात बसतेस ते तिकडच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लेखी घे आणि ते पत्र फाईलमध्ये लाव. गुजरात मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे येतं, दिल्लीच्या यादीवर विसंबून राहू नकोस.

भाषेचं ताई सांगतायत ते मी मान्य करतो, फक्त एक जोडतो. पुस्तकातली जर्मन आणि रस्त्यावरची जर्मन यात अंतर असतं. इथे श्वेबिशमध्ये 'इश हाबं'चं 'इ हान' होतं, सकाळी दुकानात शिरलं की 'ग्र्यूस गॉट'. पहिले सहा महिने मला वाटायचं मी चुकीची भाषा शिकून आलो. बडोद्याचं मराठी पुण्यात नेलं की लोक वळून बघतात तसंच हे, घाबरायचं नाही.

दांडियाबाजारकर

मुली, तू आमच्याच गल्लीतली निघालीस. मी सत्तरीतला माणूस, जर्मन येत नाही, पण दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

तुझे काका म्हणतात एवढे पैसे कशाला. त्यांना सांग की ज्या गावात आपण राहतो त्या गावच्या राजाने शंभर वर्षांपूर्वी हाच खर्च दुसऱ्यांच्या मुलांवर केलाय. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पुढे १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी पत्र लिहिलं, ते जर्मनमध्ये लिहिलं. मी ते पत्र छापलेलं पाहिलंय. इंग्लिशवर ज्यांचं एवढं प्रभुत्व त्यांनाही वाटलं की ज्यांच्याकडे शिकायचं त्यांच्याच भाषेत दार वाजवावं.

दुसरी गोष्ट कमाटीबागेतली. आपलं म्युझियम आणि पिक्चर गॅलरी १९४० च्या दशकात सांभाळत होते ते हर्मान गोएत्स, जर्मन कलाइतिहासकार. माझे वडील त्यांच्याबद्दल फार आदराने बोलत. तो माणूस आपल्या गावात वर्षानुवर्षं राहिला, इथली चित्रं, इथली देवळं समजून घेतली. तिकडून इकडे असा रस्ता झालेला आहे. तू इकडून तिकडे चालली आहेस एवढंच.

आजीची काळजी करू नकोस. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा तुमच्याच दारावरून जातो असं दिसतंय.

लाइपझिगहून

मी आत्ता इथेच आहे! वडोदऱ्याची नाही, नाशिकची, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लायब्ररीत बसून टाईप करतेय, इथली मोठी लायब्ररी अल्बेर्टिना, बघशील तेव्हा कळेल.

पहिली गोष्ट, लाइपझिग चांगलं निवडलंस. इथे म्यूनिक-बर्लिनसारखं प्रत्येकजण लगेच इंग्लिशवर येत नाही, विशेषतः ट्रामच्या, बेकरीच्या, सरकारी ऑफिसातल्या वयस्कर लोकांशी जर्मनच बोलावी लागते. झाक्सनचा उच्चार वेगळा, प त क सगळे मऊ होतात, काफेचं 'गाफे', आणि हो ला 'नू' म्हणतात, मला तो 'आता' असा अर्थाचा शब्द वाटला, मी पहिला आठवडा विचार करत होते की हे सारखं आता आता काय म्हणतायत. मॅक्स म्युलरही इथेच शिकले हे मला इथे आल्यावर कळलं, ज्यांच्या नावाच्या भवनात आपण सगळे परीक्षा देतो ते.

आणि हाल्बद्राय ताई, तुमच्यासाठी खास, इथे सव्वादोनला 'फिअर्टल द्राय' म्हणतात!! पाव तीन. आणि पावणेतीनला 'द्रायफिअर्टल द्राय', पाऊण तीन. पश्चिमेकडच्या जर्मन मुलांनाही हे कळत नाही, मला मात्र दोन दिवसांत कळलं कारण पावणेतीन.

आता रोजचं सांगते. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायला जायचं, 'आनमेल्डुंग', त्याची अपॉइंटमेंट आधीच घे. रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणून ठेव. एकदाच वापरायच्या बाटल्यांवर पंचवीस सेंट डिपॉझिट असतं, परत नेऊन दे. शाकाहारी असशील तर मेन्झामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये, रोज काहीतरी मिळतं. आणि 'क्वार्क' नावाचा प्रकार मिळतो तो आपल्या चक्क्याच्या इतका जवळचा की मी पाडव्याला त्याचं श्रीखंड केलं, वेलची घरून आणली होती, माझ्या घरातल्या तिघांनी वाडगे चाटूनपुसून खाल्ले आणि मग मला त्यांना पाडवा म्हणजे काय हे जर्मनमध्ये वीस मिनिटं समजवावं लागलं. गुढीला शब्द नाही, कडुलिंबाला आहे पण त्यांना झाड माहीत नाही, तांब्या उलटा का हे सांगताना माझी सगळी क्रियापदं संपली. पण त्या वीस मिनिटांत जे शिकले ते कुठल्याच वर्गात शिकले नव्हते.

मी 'वेगे'त राहते, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं घर. मुद्दाम शोधलं. खोलीच्या जाहिरातीला उत्तर देताना स्वतःबद्दल नीट लिहायचं, काय करतेस, काय आवडतं, आणि 'मला घरात जर्मन बोलायचीये, चुका सुधारल्या तर आनंद होईल' हे एक वाक्य टाकायचं. मी एकतीस ठिकाणी लिहिलं, चार ठिकाणी बोलावलं, एकाने घेतलं.

दुसरं, नुसत्या भाषेच्या कोर्सला बसू नकोस, तिथे सगळे बाहेरचेच असतात आणि एकमेकांच्या चुका शिकतात. एक तरी सेमिनार असा घे जिथे बाकी सगळे जर्मन आहेत. मी लोककथांवरचा घेतला, पहिल्या तीन तासांना काही कळलं नाही, चौथ्या तासाला माझी पाळी आली बोलायची, मी खंडोबा आणि बाणाईची गोष्ट सांगितली. प्राध्यापक म्हणाले यावर हायडेलबर्गच्या झोन्टहायमर यांनी खूप काम केलंय, मला नावही माहीत नव्हतं. मग कळलं की गुंथर झोन्टहायमर महाराष्ट्रात धनगरांबरोबर राहून, फिरून, त्यांच्या ओव्या टेप करून गेलेले, बिरोबा, म्हसकोबा, खंडोबावर त्यांचं अख्खं पुस्तक जर्मनमध्ये आहे, १९७६ चं. मी जेजुरीला लहानपणापासून जाते आणि खंडोबाबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं ते जर्मनमध्ये. त्या दिवशी मला वाटलं की ही भाषा मी नोकरीसाठी शिकत होते ते आता तेवढ्यापुरतं राहिलं नाही.

फक्त एक लक्षात ठेव, सेमिनारचे क्रेडिट हवे असतील तर शेवटी 'हाउसआरबाइट' म्हणजे मोठा निबंध लिहावा लागतो, बारा-पंधरा पानं, तो सुट्टीत लिहायचा असतो, त्याला वेळ धरून ठेव.

आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला थोमासकिर्शंमध्ये मुलांचा कॉइर गातो, बाख हा संगीतकार ज्या चर्चमध्ये होता तिथे. काही समजलं नाही तरी जा.

हाल्बद्राय

द्रायफिअर्टल द्राय!! उद्या वर्गात सांगते.

परीक्षेचं राहिलं होतं, आई विचारतायत तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तिथे माझं नुकसान झालं म्हणून सविस्तर लिहिते. तिकडचं विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, वर्ग मध्य ऑक्टोबर ते फेब्रुवारीपर्यंत. आपलं सेमिस्टर जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबरात परीक्षा. म्हणजे तू विंटरला गेलीस तर इकडची एक परीक्षा बुडते आणि दुसरं सेमिस्टर अर्ध्यात येऊन पकडावं लागतं. माझं अख्खं वर्ष गेलं. त्यात मार्कांचा घोळ वेगळाच. तिकडे १.० सगळ्यात चांगले, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० नापास. मला एका विषयात १.३ होते, म्हणजे उत्तम. माझ्या तेव्हाच्या कॉलेजच्या (नाव नको) ऑफिसात त्यांनी दहापैकी १.३ धरले आणि नापास लिहिलं. चार महिने मी खिडकीवर उभी राहिले. शेवटी तिकडून श्रेणींची पद्धत समजावणारं सहीशिक्क्याचं पत्र मागवलं तेव्हा सुटलं. तर जायच्या आधी, आधी म्हणजे आधी, कुठले विषय तिकडे घेणार आणि त्याचे इकडे किती क्रेडिट धरणार हे विभागाकडून लिहून घे. तिकडे पूर्ण सेमिस्टर म्हणजे तीस क्रेडिट.

आता माझा सल्ला, विंटर सोड, समर सेमिस्टरला जा. ते १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असतं पण वर्ग मध्य एप्रिल ते जुलैच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंतच. तुझी इथली परीक्षा लवकर झाली किंवा एक-दोन पेपरचं आधी बोलून ठेवलंस तर फक्त पुढच्या सेमिस्टरचा पहिला महिना चुकेल. मधल्या सहा-आठ महिन्यांत बी२, म्हणजे पुढची पातळी, करून घे. गोएथे इन्स्टिट्यूटची बी२ परीक्षा चार भागांत वेगवेगळी देता येते, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत, एकेक भाग करून सोडव. बी१ वर गेलीस तर पहिले दोन महिने नुसतं कान उघडण्यात जातील आणि वर्ग आहेतच जेमतेम तीन महिन्यांचे. बी२ घेऊन गेलीस तर पहिल्या आठवड्यापासून तोंड उघडेल.

अलकापुरीची_आई

समरला उजेडही असतो. माझा मुलगा डिसेंबरात फोनवर म्हणायचा आई आठला उजाडतं आणि चारला मावळतं, आवाजच बसलेला असायचा. हे पण धरा हिशोबात.

नेकारकाठ

+१ समरला. आणि ताईंचा क्रेडिटचा मुद्दा फ्रेम करून लावण्यासारखा.

फक्त एक, समरला आलीस तर सप्टेंबर अखेरपर्यंत थांबायचा मोह होईल, निबंध लिहायचाय म्हणून. घरी जाऊन लिही, ईमेलने पाठवता येतो, इकडे दोनेक महिन्यांचं भाडं वाचेल.

दांडियाबाजारकर

म्हणजे गणपतीला घरी. मग आजीचं काय म्हणणं आता?

सूरसागरकाठी

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण रोज घरात यावरच चर्चा चालू होती, मी धागा मोठ्याने वाचून दाखवला, काकांनाही.

ठरलंय असं. पुढच्या एप्रिलचं समर सेमिस्टर. आज मॅडमना भेटले, विषयांची यादी घेऊन विभागाकडून लिहून घेणार आहोत, १.३ ची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी लगेच मान डोलावली. बी२ चे ऐकणं आणि वाचन हे दोन भाग डिसेंबरात देईन, उरलेले दोन फेब्रुवारीत. बाबा म्हणाले सहा लाख एकदम नाही जमणार पण तोवर जमतील, आणि काका, जे म्हणत होते कशाला, त्यांनी विमानाचं तिकीट माझं म्हणून सांगितलं. ते बाबासाहेबांच्या पत्राबद्दल दोनदा विचारत होते. दांडियाबाजारकर काका, थँक यू. तुम्ही खरंच सकाळी पांढरी टोपी घालून जाता का? आजी म्हणते तुम्हीच असणार.

राहायचं वेगेतच. लाइपझिगहून ताई, तुम्हाला मेसेज करते, ते खोलीच्या अर्जाचं वाक्य मला नीट लिहून हवंय. अलकापुरीच्या काकू, तुमच्या मुलाचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

आणि आजीचं सांगायचं राहिलं. तिला मी हाल्ब द्रायचं वाचून दाखवलं, अर्धा तीन म्हणजे अडीच. ती जपमाळ ओढत होती, थांबली आणि म्हणाली, मग अर्धा चार म्हणजे काय म्हणतात ते? मी म्हटलं हाल्ब फीअर, साडेतीन. तर म्हणाली साडेतीन नाही गं, औट. आम्हाला शाळेत औटकी होती, पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, औट म्हणजे चौथा अर्धा. आणि तिने एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा अशी दहापर्यंत औटकी म्हणून दाखवली, एकही चूक नाही, ऐंशीव्या वर्षी. मी शोधलं, अर्धचतुर्थ पासून औट. हाल्बद्राय ताई हे तुमच्या वर्गासाठी.

मग तिने विचारलं तुझ्या तिथे आणि इथे वेळेचा फरक किती. उन्हाळ्यात साडेतीन तास म्हटलं, हिवाळ्यात साडेचार. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, बरंय, उन्हाळ्यातच जा, औट तास मला लक्षात राहील, मी संध्याकाळी दिवा लावला की तुझ्याकडे दुपारचा हाल्ब फीअर.

सातला दिवा लावते ती. बरोबर हाल्ब फीअर.